वर वीतभर जागा

मी टोस्टर आहे आणि चांगला जुना आहे. दोन्ही गोष्टी मी मान ताठ ठेवून सांगतो. कारण मित्रांनो, या वयातही मला उडी मारता येते. खरं म्हणजे उडी मारतो तो माझ्या पोटातला ब्रेड, मी जागचा हलत नाही. पण त्याच्यामागे जोर माझ्या स्प्रिंगचा असतो, म्हणून ती उडी मी आपलीच समजतो. या उडीपायी मी एकदा घराबाहेर जाता जाता राहिलो आणि माझ्याबरोबर एक आजोबाही जाता जाता राहिले. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पत्र्याला दाबून माझं अंग घडवलं. अभ्रकाच्या पातळ पानांवर तार गुंडाळून माझ्या पोटात बसवली. वीज आली की ही तार लाल होते आणि ब्रेड भाजते. सगळ्यात शेवटी आली स्प्रिंग. ती बसवणाऱ्या ताईंनी माझी दांडी खाली दाबली, सोडली आणि त्या दचकून मागे सरल्या.

"अगं बाई! याची स्प्रिंग जरा जास्तच कडक आहे," त्या शेजारणीला म्हणाल्या.

"असू दे गं. पोरगं अंमळ जास्त उड्या मारेल, एवढंच," शेजारीण म्हणाली आणि मी पुढे सरकलो.

त्यानंतर मी एका दुकानाच्या फळीवर बसून राहिलो. माझ्या शेजारी एक लाल रंगाचा, चार खाचांचा टोस्टर होता. लोक आत आले की आधी त्याच्याकडे जायचे. पलीकडे एक काळा, काचेचा होता. त्याला दांडी नव्हती, नुसतं बोट टेकवलं की तो सुरू व्हायचा. मी आपला दोन खाचांचा, साधा, पोलादी रंगाचा. पोटापुढे एक दांडी आणि तिच्याशेजारी एक गोल बटण. बटण फिरवलं की ते टक, टक, टक करत एकेका खाचेवर थांबायचं. मला बघून कुणाच्या तोंडून "अय्या!" निघाल्याचं मी तरी ऐकलं नाही.

आता मला जिथे जायचं होतं त्या घराबद्दल सांगतो. तिथे माझ्या आधी काय काय घडलं ते मी पुढे ओट्यावर बसून ऐकलं. स्वयंपाकघरात बसणाऱ्याला घरातलं सगळं कळतं, हे तुम्हीही ध्यानात ठेवा.

एका चढाच्या रस्त्यावर एक अरुंद इमारत होती. खाली शिंप्याचं दुकान आणि वर त्याचंच घर. या शिंप्याला सगळे मास्तर म्हणायचे. त्यांच्या गळ्यात माप घ्यायची टेप जेवतानाही असायची. त्यांची बायको रुग्णालयात परिचारिका होती आणि तिची पाळी पहाटेची असायची. मुलगी आठ-नऊ वर्षांची. टोस्टच्या कडा आधी कुरतडायची आणि मधला भाग शेवटी खायची, म्हणून तिला घरात खार म्हणत. चौथे होते आजोबा, म्हणजे खारीच्या आईचे वडील. आई त्यांना नाना म्हणायची. ते आयुष्यभर बस चालवत आलेले. उंच इतके, की स्वयंपाकघराच्या दारातून वाकून यावं लागे.

स्वयंपाकघर म्हणजे काय, मास्तर म्हणत तसं, अंगाला घट्ट बसणारं जाकीट! एका बाजूला ओटा, ओट्यावर एक शेगडी, शेगडीला खेटून मोरी. फ्रीज उघडायचा तर आधी दार लावून घ्यायचं. ओट्याच्या एका कोपऱ्यात विजेचा एकमेव प्लग आणि त्या कोपऱ्यावर डब्यांची फळी.

आजोबांना पहाटे जागं होण्याची सवय होती. पहिली बस त्यांचीच असायची ना! लेक कामावर निघायच्या आत ते उठत, चहा टाकत, तव्यावर ब्रेड भाजत आणि तिला समोर बसवून खायला लावत. ती शाळेत होती तेव्हापासूनचं हे त्यांचं काम. पण आजोबांची नजर अलीकडे मंदावली होती. एका पहाटे शेगडीजवळचं फडकं पेटलं आणि त्यांना ते दिसलं नाही, वास आल्यावर कळलं. कुणाला काही झालं नाही. पण लेकीने त्यांचा हात धरून सांगितलं, "नाना, आजपासून गॅसला हात लावायचा नाही. शप्पथ आहे माझी."

आजोबांनी शब्द पाळला. पण पहाटे उठून अंथरुणावर नुसते बसून राहू लागले. लेक बिस्किटाचा तुकडा तोंडात टाकून उपाशी निघायची, हे त्यांना पलीकडे ऐकू यायचं. आठवड्याभराने ते म्हणाले, "मी माझ्या घरी परत जातो म्हणतो. येत्या रविवारी."

"तिथे कोण आहे तुमचं? नुसतं कुलूप!" लेक म्हणाली.

"मग इथे तरी मी कोण आहे? जागा अडवणारा पाहुणा. बसून खायची सवय नाही गं मला."

मित्रांनो, शेवटी मास्तरांना सुचलं. ज्याला जाळ नाही, ब्रेड भाजून झाला की जे आपोआप बंद होतं, असं यंत्र आणायचं आणि ते आजोबांच्या ताब्यात द्यायचं. म्हणजे टोस्टर!

पण मास्तर पडले शिंपी. ट्रायल घेतल्याशिवाय ते रुमालसुद्धा देणार नाहीत. त्यांनी पुठ्ठा कापला, त्याला अस्तराचं कापड टाचलं, खडूने खुणा केल्या आणि एक कच्च्या शिलाईचा टोस्टर तयार करून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवला. "आता चार दिवस याच्यासोबत राहून बघायचं. कुठे दाटतो, कुठे ढिला पडतो ते कळेल."

राहून बघितल्यावर खरंच कळलं. पहिल्या दिवशी आईचं कोपर त्याला लागलं, म्हणून मास्तरांनी तो एका बाजूने आत घेतला. दुसऱ्या दिवशी फ्रीजचं दार अडलं, म्हणून लांबी कमी केली. खारीने त्याला डोळे आणि मिशा काढल्या. मग तो कोपऱ्यात असा बसला, की जणू तिथेच जन्मला होता. आजोबा मात्र त्या पुठ्ठ्याकडे फिरकले नाहीत. त्यांनी आपली पिशवी भरून पलंगाखाली ठेवली होती.

शनिवारी सगळी मंडळी आमच्या दुकानात आली. मास्तरांनी गळ्यातली टेप काढली आणि आमची एकेकाची मापं घ्यायला सुरुवात केली. "छाती ठीक. कंबर जास्त. हा लाल तर अंगाने फारच सुटलाय!"

दुकानदार बाई हसू दाबत म्हणाल्या, "काका, टोस्टर घ्यायचाय की त्याला शर्ट शिवायचाय?"

"बाई, आमचं स्वयंपाकघर बघाल तर तुम्हीही टेप घेऊन फिराल," मास्तर म्हणाले.

"बाबा, लालच घेऊ या ना! चार टोस्ट एकदम! सगळ्यांना एक एक!" खार म्हणाली.

"आणि भाजी मी कुठे चिरू? तुझ्या डोक्यावर?" आई म्हणाली.

आजोबा दूर पंख्यांच्या रांगेपाशी उभे होते. "घ्या तुमच्या पसंतीने. मला काय विचारायचं त्यात," ते तिकडूनच म्हणाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, हे इथे सांगायला हवं. आईच्या ते लक्षात आलं. ती गेली आणि त्यांचा हात धरून त्यांना आमच्या फळीपाशी घेऊन आली.

"नाना, चालवायचा तुम्हाला आहे. तेव्हा तुम्ही बघा."

आजोबांनी डोळे मिटून घेतले. तसंही त्यांना आमचा रंग धड दिसत नव्हता. त्यांनी आधी काळ्यावरून हात फिरवला. "याला गिअर कुठाय?"

"आजोबा, त्याला दांडी नसते. नुसतं बोट लावायचं," खारीने सांगितलं.

"म्हणजे गोंजारून चालवायचा? ही काय मांजर आहे?" त्यांनी पुढच्याची दांडी दाबली. "हा घासतोय." त्याच्या पुढच्याची दाबली. "हा कच्चा. चढावर दगा देईल."

मग त्यांचा मोठा, खरबरीत हात माझ्या दांडीवर आला. त्यांनी ती दाबली. खट्! मी जागच्या जागी घट्ट पकडली. त्यांनी सोडली, परत दाबली. खट्! मग बटण फिरवलं. टक, टक, टक. बोटांना मोजता येईल अशी एकेक खाच.

"हा बसला," आजोबा म्हणाले. कित्येक दिवसांनी त्यांच्या आवाजात जीव आला होता. "याचा गिअर झोपेतसुद्धा टाकता येईल."

मास्तरांनी घाईघाईने माझं माप घेतलं. छाती, कंबर, लांबी, सगळं पुठ्ठ्याच्या टोस्टरशी जुळलं. खारीने लालकडे शेवटचं एकदा बघितलं आणि मोठ्या मनाने मला उचलून घेतलं. मित्रांनो, इतकी वर्षं झाली तरी तो क्षण आठवला की माझी तार आपोआप कोमट होते.

घरी पुठ्ठ्याचा टोस्टर उचलून माझी स्थापना झाली. मी कोपऱ्यात चपखल बसलो. कुठे दाटलो नाही की कुठे ढिला पडलो नाही. आई मोरीला टेकली, खार पाटावर उभी राहिली, मास्तर चहाचा कप घेऊन दारात थांबले, कारण आत चौथ्या माणसाला जागाच नव्हती. आजोबांनी माझ्यात दोन स्लाइस सोडल्या आणि गिअर टाकला. खट्!

मला तर अंगभर आनंदाची ऊब आली होती. खरपूस वास सुटला. सगळे वाट बघू लागले. मी सगळा जोर एकवटला आणि मारली उडी!

टण्ण!

दोन्ही टोस्ट वरच्या फळीवर आपटले. एक शेगडीमागे गेला. दुसरा थेट मास्तरांच्या चहात पडला. फळीवरचे डबे खडखडले आणि एक झाकण घरंगळत खारीच्या डोक्यावर आलं.

"सुटली का बस?" आजोबांनी विचारलं. त्यांना काही दिसलं नव्हतं.

आईने सांगितलं, "नाना, फळीला धडकली."

तिने फळीला खालून हात लावून बघितला. लाकूड गरम झालं होतं. परिचारिकाच ती, धोका तिला आधी दिसणार! "नाही हो, हे असं नाही चालायचं," ती मास्तरांना म्हणाली. "गरम टोस्ट शेगडीजवळ उडणार, फळी तापणार. एकदा फडकं पेटलं तेवढं पुरे झालं. उद्या सकाळी परत देऊन येऊ या."

आजोबा बाहेरच्या खोलीत गेले. पलंगाखालून पिशवी ओढल्याचा आवाज आला. मग तिची चेन करकरली. त्या लहानशा घरात तो आवाज सगळ्यांना ऐकू गेला. उद्या रविवार होता.

मी कोपऱ्यात थिजून बसलो. माझी उडीच मला नडली होती. पण त्याहून वाईट म्हणजे, ज्या हाताने मला निवडलं तो हात आता पिशवी उचलणार होता.

खार डोकं चोळत फळीकडे बघत होती. मग मास्तरांकडे वळून ती म्हणाली, "बाबा, तुम्ही ट्रायलला त्याला हात वर करायला लावलेच नाहीत!"

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. मग कपाळावर हात मारून घेतला. खालच्या दुकानात आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक त्यांच्याकडून एक वाक्य हमखास ऐकायचं, "आता हात वर करून बघा." कारण माणूस उभा असताना शर्ट छानच बसतो, हात उचलल्यावर काखेत दाटतो. सगळ्या गावाला हात वर करायला लावणारे मास्तर टोस्टरला तेवढं सांगायला विसरले होते. पुठ्ठा कुठे उडी मारतो? त्याची छाती घेतली, कंबर घेतली, पण तो उठला की किती उंच होतो ते माप राहूनच गेलं.

"आता कळून काय उपयोग?" आई म्हणाली. "परतच द्यायचा ना?"

"अगं, शर्ट काखेत दाटला तर मी गिऱ्हाईक परत पाठवतो का? शर्ट उसवतो!" मास्तर टेप काढत म्हणाले. "फळी वर घेऊ. चांगली वीतभर."

"वीतभर वर? अहो, मग माझा हात पोचेल का डब्यांना? आत्ताच चवड्यांवर उभी राहते मी. रोज काय शिडी लावू?"

मास्तरांनी टेप परत गळ्यात टाकली. कारण ते बायकोपेक्षा दोन बोटं बुटकेच होते. एकाचं जमवावं तर दुसऱ्याचं अडावं, असलं ते स्वयंपाकघर!

"माझा पोचतो," दारातून आवाज आला.

आजोबा वाकून उभे होते. पिशवी हातातच होती. त्यांनी आत एक पाऊल टाकलं, सरळ झाले आणि हात वर केला. तो फळीला लागला, फळीवरच्या डब्यांना लागला आणि त्याही वर वीतभर भिंतीवर टेकला.

"तू माग, मी काढून देतो," ते लेकीला म्हणाले.

"नाना, तुम्हाला डबे ओळखू कसे येणार?"

"बस कुठल्या थांब्यावर आली ते आंधळ्यालाही वळणांवरून कळतं. शिकेन मी."

पहिल्या प्रयत्नात त्यांनी साखर म्हणून मीठ काढून दिलं. खार चहा पिऊन नाचायला लागली तेव्हा सगळ्यांना ते कळलं! मग मास्तर खाली जाऊन शर्टाची बटणं घेऊन आले. साखरेच्या झाकणावर एक बटण चिकटवलं, चहाच्या झाकणावर दोन, मिठाच्या झाकणावर कोटाचं मोठं. आजोबांची बोटं झाकणांवरून फिरली की डबा बरोबर खाली यायचा. संध्याकाळपर्यंत शेजारच्या सुताराने फळी वीतभर वर नेऊन ठोकली. मी परत उडी मारली. टोस्ट हवेत गेले, मोकळ्या जागेत क्षणभर थांबल्यासारखे झाले आणि आजोबांनी पुढे धरलेल्या ताटलीत पडले. बरं का, त्यांनी ते आवाजावरून झेलले.

"चला, सुटली!" आजोबा ओरडले.

रविवारी पलंगाखालची पिशवी रिकामी झाली. मास्तरांनी तिच्यात कापडाच्या चिंध्या भरल्या, म्हणजे ती परत चटकन भरता येऊ नये!

त्यानंतरची वर्षं माझी खरी कामाची. पहाटे खट्, मग खरपूस वास, मग "चला, सुटली!" लेक पोटभर खाऊन कामावर जायची. खार कडा कुरतडत शाळेची तयारी करायची. दर रविवारी आजोबा माझी दांडी पुसायचे, तळाचा चुऱ्याचा ट्रे बाहेर ओढून मोरीत झटकायचे आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "गाडी झकास आहे!" एवढी शाबासकी लालच्या नशिबी आली असेल का? मला नाही वाटत.

मग एका हिवाळ्यात आजोबांचा हात माझ्या दांडीवर यायचा थांबला. त्याबद्दल मी फार बोलत नाही. ते अखेरपर्यंत त्या घरचे होते, पाहुणे नव्हते, एवढंच मला ठाऊक आहे.

त्यांच्यामागे सगळे मला वापरत, पण ट्रे झटकायचं काम कुणाचंच नव्हतं. माझ्या तळाशी चुरा साठत गेला. तो जळू लागला, धूर येऊ लागला. "बिघडला वाटतं," असं म्हणून मला खोक्यात घालून माळ्यावर ठेवलं. तिथे कोण भेटलं असेल? पुठ्ठ्याचा टोस्टर, मिशांसकट! आम्ही दोघांनी अंधारात बरीच वर्षं काढली. माझं अंग धुळीने भरलं आणि त्याला झुरळांनी कुरतडलं, पण कुरकुर कुणी केली नाही.

एका दुपारी खोकं उघडलं. वर एक उंच तरुणी उभी होती. वाकण्याची ढब अगदी आजोबांची. खारीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती आणि तिने एक खोली घेतली होती. तिथलं स्वयंपाकघर या घरच्या स्वयंपाकघराहून लहान आहे म्हणे. तिला टोस्टर हवा होता.

"अगं, नवीन घे. हा धूर सोडतो," आई म्हणाली.

खारीने मला उलटं केलं, ट्रे ओढला आणि चुऱ्याचा ढीग बाहेर काढला. "आई, धूर हा नाही सोडत. आपण साफ करायचं सोडलं." मग तिने मला पुसलं, ओट्यावर ठेवलं, दोन स्लाइस आत सोडल्या आणि दांडी दाबली. खट्!

मास्तर आता चष्मा लावतात, पण टेप गळ्यातच असते. ते पुढे होऊन माझं माप घेऊ लागले. तशी खार हसून मला म्हणाली, "ते राहू दे. तू आधी हात वर कर बघू!"

मित्रांनो, मी सगळा जोर एकवटला. दोन्ही टोस्ट असे उडाले, की मास्तरांनी मान मागे टाकून बघितलं. खारीने ताटली पुढे केली आणि ती ओरडली, कुणासारखी ते तुम्हाला सांगायला नकोच, "चला, सुटली!"

आता मी तिच्या ओट्यावर खिडकीजवळ बसतो. वर फळी नाही, नुसतं आभाळ आहे. दर रविवारी माझा ट्रे साफ होतो.

तुमच्या घरीही माझ्यासारखा कुणी असेल. मोठ्यांना सांगून त्याची वायर काढायला लावा, तो गार झाला की त्याचा चुरा झटका आणि त्याच्या पोटात सुरी किंवा चमचा कधीही घालू नका. एवढ्यावर तो वर्षानुवर्षं राबेल. आणि कुणाला घरात जागा करून द्याल, मग तो टोस्टर असो की आजोबा, तर तो बसल्यावर कसा दिसतो एवढंच बघून थांबू नका. त्याला उठून हात वर करता यावा, म्हणून वर वीतभर जागा मोकळी ठेवा.